खुंटी

फ्रायबर्गच्या शाळेसाठी मी मागवले होते
एक गोल, तीन डंबेल
आणि ते चार पाकळ्यांचं, जे कागदावर काढून दाखवलं तेव्हा
ट्राउगॉट हीमान म्हणाला,
हे तर गाई खातात.

झायफेनमध्ये सगळेच लेथवर जगतात.
ओल्या लाकडाचं कडं कातायचं,
आतबाहेर पन्हळी पाडायच्या, ज्यांचा अर्थ
बघणाऱ्याला लागत नाही,
मग सुरी टेकवून हलकीशी हातोडी,
आणि फाकेच्या कडेवर घोडा.
पुढच्या फाकेतही घोडा.

"तर इलेक्ट्रॉन असा. कड्यातल्या घोड्यासारखा."
नाही, म्हटलं. घोडा तुम्ही आधीच आत ठेवलेला असतो.
हा पाहीपर्यंत एका जागी नसतोच.
केंद्रकाभोवती सापडू शकतो, एवढंच,
इथे जास्त, तिथे कमी.
त्यानं पेन्सिल कानामागे खोचली
आणि मापं विचारली.

मार्चमध्ये खोकं आलं. नासपतीचं लाकूड, जवसाच्या तेलाचा वास.
प्रत्येक डंबेलच्या दोन फुग्यांमध्ये
बोटभर खुंटी.
मी लिहिलं: खुंटी चालणार नाही,
मधल्या त्या पातळीत तो कधीच सापडत नाही.
उलट टपाली एक ओळ:
मग या फुग्यातून त्या फुग्यात जातो कसा?

वीस वर्षं हा प्रश्न मुलं विचारत आली
आणि मी फळा पुसत आले.

बसनं गेले. म्हटलं, तो जात नाही.
दोन्हीकडे असतो.
हीमान लेथ थांबवेना.
"आणि हा गुळगुळीत काठ? इथे संपतो?"
नाही. दहातल्या नऊ वेळा आत सापडतो,
म्हणून आपण इथे थांबतो.
"आणि दहाव्यांदा?"

मी खाली पाहिलं.
लेथपाशी भुसा घोट्यापर्यंत,
बाकाखाली विरळ, दाराकडे आणखी विरळ,
त्याच्या मुलीच्या, एर्डमुटेच्या, लोणी लावलेल्या पावावर,
उंबऱ्याबाहेर बर्फावरही थोडा.
नेमका कुठे संपतो, सांगता आलं नसतं.
त्यानंही पाहिलं, मग मशीन बंद करून
केरसुणी घेतली, आणि न झाडताच परत ठेवली.

खुंट्या त्यानं काढून दिल्या.
फुगे आता वर्गात दोऱ्यानं टांगलेत, वेगवेगळे,
खिडकी उघडली की आपटतात.
मुलं विचारतात, तेव्हा फडकं उचलत नाही.

जूनमध्ये चष्म्याच्या घरात
भुशाचा एक कण सापडला.
तिथे.