डावीकडे ओढणारा रिमोट

आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो.
कंट्रोलर हा शब्द डिचोलीत पोचला
तेव्हा आमची लग्नं ठरत होती.

यंत्र एल्विनोचं, पप्पाने बोटीवरून आणलेलं.
टीव्ही आमचा, कारण आईला
पोरं डोळ्यांसमोर बरी वाटायची.
दत्तेशचं काहीच नव्हतं,
तो बिंबलं आणायचा, मीठ लावून,
आणि सगळ्यांचे अंगठे आंबट करायचा.

एक पडदा, चार कोपरे, चार टँक.
दुसऱ्याच्या कोपऱ्यात बघायचं नाही, हा कायदा.
सगळे बघायचे.
न बघता कसं कळणार
शांबा कुठल्या भिंतीआड दबा धरून आहे?
पकडलं तर उशी तोंडावर.

चारांतला एक रिमोट डावीकडे ओढायचा.
बोट न लावताच टँक सरकू लागायचा,
उतारावर हँडब्रेक विसरलेल्या गाडीसारखा.
शांबा मयेहून सायकलने यायचा, शेवटचा यायचा,
म्हणून तो त्याचा.
पहिले दोन महिने सगळ्यांच्या आधी मेला.
मग अंगठ्याला त्याने उजवा कल शिकवला,
इतका की एकदा चांगला रिमोट हाती आला
तर सरळ उजव्या भिंतीत जाऊन रुतला.

सातला कुंपणापलीकडून हाक यायची,
"एल्विनो, तेर्साक यो!"
तो तसाच उठायचा, टँक उघड्यावर टाकून.
प्रार्थनेला गेलेल्याच्या टँकवर गोळा मारायचा नाही.
हा दुसरा कायदा.
हा मात्र कुणी कधी मोडला नाही.
अर्धा तास आम्ही त्याला वळसा घालून लढायचो.

पुढे एल्विनो स्विंडनला, गोदामात, रात्रपाळीला.
दत्तेश कदंबाच्या बसवर.
शांबाने दोन ट्रक घेतले, खनिजाचे.
खाणी थांबल्या, ट्रक अंगणात थांबले,
चाकांच्या आऱ्यांतून गवत वर आलं.
हप्त्यासाठी मी साठ हजार दिले.
आणि एकदा, बँकेच्या पायरीवर, चारचौघांत,
विचारले.

एवढंच.
नंतर सहा वर्षं बाजारात तो दिसला
की एकजण रस्ता बदलायचा.
बहुतेक वेळा मी.

यंदा चवथीला एल्विनो आला,
माळ्यावरचा खोका त्यानेच उतरवला.
नव्या टीव्हीला जुनी पिन बसेना.
दत्तेश कुठून तरी जोड घेऊन आला, किंमत सांगेना.
चित्र आलं: फिकट, आडवं ताणलेलं,
टँक बेडकांसारखे चपटे.
मध्ये नेवऱ्यांचं ताट, रिमोटांवर तूप.
किती खेळाडू, यंत्राने विचारलं.
तीन, म्हटलं.
चौथा कोपरा काळा राहिला.

चवथीला दर्शनाला येणाऱ्याला कोण अडवणार,
आणि न येणाऱ्याला गावात तोंड कोण देणार?
शांबा आला. माटोळीखाली वाकला,
आईच्या पाया पडला, प्रसाद घेतला,
आणि जाता जाता आवाज ऐकून
या खोलीच्या दारात थबकला.

मी माझा रिमोट पुढे केला. चांगला.
त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही.
"ओढपी खंय आसा?"

खोक्याच्या तळाशी होता, वायरीत गुरफटलेला.
सोडवायला वेळ लागला.
तेवढा वेळ कुणी काही बोललं नाही,
फक्त दत्तेश नेवरी चावत होता, मोठ्याने.

शांबा भिंतीला टेकून बसला,
पूर्वी बसायचा तिथेच, आता पोट सांभाळत.
चौथा कोपरा उजळला.
टँक जराही सरकला नाही.
अंगठा सगळं विसरून
तेवढं लक्षात ठेवून होता.

सात वाजले. एल्विनोने उगाच कुंपणाकडे पाहिलं.
पलीकडच्या घराला दहा वर्षं कुलूप आहे.
आम्ही तिघांनी, न ठरवता,
त्याच्या टँकला वळसा घातला.

पैशांचं मी बोललो नाही. तोही नाही.
हिशेब तसाच आहे, साठाला साठ.
फक्त एकदा, भिंतीमागे गेलेला तो कुठे निघाला
हे पाहायला माझी नजर
त्याच्या कोपऱ्यात गेली,

आणि उशी तोंडावर.