माणसं मिळत नाहीत

गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात
तेव्हा कट्ट्यावर देश चालवायला माणसं जमतात.
हातात पेला, मिशीवर फेस,
आणि फेसातून वाक्यं:
"आता गहू फुकट, तांदूळ फुकट,
वर बायकांच्या खात्यावर पंधराशे.
कोण येतंय मग कामाला?"

यातली कितीतरी वाक्यं मी स्वतः बोललोय.
खोटं कशाला सांगू.
शिरोलीत फाउंड्रीला होतो तेव्हा,
पगाराच्या दिवशी, खिसा वरनं चाचपत,
याच कट्ट्यावर पाय हलवत म्हणालो होतो,
"कष्टाची सवयच मोडली लोकांची."
शेजारी कोण बसलं होतं, बघितलं नव्हतं.

बावीस वर्षं कास्टिंगच्या कडा घासल्या.
ग्राइंडरखाली ठिणग्या, नाकात काळी वाळू,
रुमालात शिंकलं की शाई सांडल्यागत.
मोठी ऑर्डर तुटली, तिसरी पाळी बंद,
मग दुसरी,
मग एक दिवस सुपरवायझर
माझ्याकडं न बघता
माझ्याशी फार गोड बोलला.

त्याला आता तेरा महिने झाले.
उद्यमनगरातल्या प्रत्येक शटरात वाकून आलोय.
"नंबर देऊन जावा," म्हणतात.
माझं नाव इतक्या वह्यांत
सोयरीक बघतानाही फिरलं नव्हतं.

रेशनच्या मशिनवर माझा अंगठा उमटत नाही.
दुकानदार म्हणतो, दुसरं बोट लावा.
मधलं लावा. डाव्या हाताचं लावा.
मागं रांग चुळबुळते.
रेघा शिरोलीत राहिल्या
हे मशिनला कुणी सांगायचं?
शेवटी आक्काताईला बोलवायचं.
ती लोकाची भांडी अर्धी टाकून येते,
हात पदराला पुसते,
तिचाही तिसऱ्यांदा लागतो.
पाच माणसांचं पंचवीस किलो.
पिशवी सायकलला अडकवताना
गल्लीतली एक जण हसून म्हणाली,
"मज्जा हाय बाबा तुमची."
असेल.
हँडल एका अंगाला ओढत होतं, एवढंच.

आज कट्ट्यावर भूपाल नरदे होते.
लक्ष्मीपुरीत पेंडीचं दुकान.
"माणसं मिळत न्हाईत हो," म्हणत होते,
"पोती उतरायला गडी न्हाई.
सगळे खाऊन झोपत्यात."

मी म्हणालो, "मी हाय की."

म्हशीनं तेवढी शेपूट हलवली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं,
आधी केसांकडं, मग गुडघ्यांकडं.
"वय काय म्हणायचं?"
"एकोणपन्नास."
"पोतं पन्नास किलोचं असतंय, रंगराव."
"म्हंजे एकच कमी पडतंय की," मी म्हणालो.
दोघंतिघं हसले. तेही हसले.
"नंबर देऊन ठेवा," म्हणाले.

मग काय वाटलं कुणास ठाऊक,
धार काढणाऱ्याला हाक मारून म्हणाले,
"यांना एक पेला दे. माझ्याकडनं."

कट्ट्यावर सगळे एकदम आपापल्या चपला बघू लागले.
पेला माझ्यासमोर आला,
कोमट, काठोकाठ.
नको म्हणायला मानी माणसाला
एक क्षण पुरतो.
माझा तो क्षण दुपारपासून रिकाम्या पोटी होता.
मी घेतला.
तोंड न उचलता प्यालो.
कॉलेजातलं एक पोरगं, पाय हलवत बसलेलं,
माझ्याकडनं वीतभर पलीकडं सरकलं.
जागा करून दिली म्हणा हवं तर.

तोवर बोलणं उसाच्या दरावर गेलं होतं.
सरकारनं काय काय द्यायला पाहिजे
याची यादी चालली होती.

मी उठलो. बादलीजवळ गेलो,
पेला दोनदा विसळला,
बुडाशी चिकटलेली साय बोटानं काढली,
परत एकदा विसळला
आणि पालथा घातला.
कुणी सांगितलं नव्हतं.
मग शेजारचे चार उष्टे पेले होते,
तेही घेतले.