चुकलेली बस, गुन्सान

बेटावर जायचा बेत होता.
बस डोळ्यांदेखत गेली,
कारण दिल्शोद चपला बदलायला
परत वर गेला होता.
पुढची दोन तासांनी.
ह्येरान म्हणाली, बसू या की इथंच.
बसलो, दुकानापुढच्या निळ्या खुर्च्यांवर,
त्यातल्या एकीचा पाय लुळा.

समोर दोरीवर वाळत घातलेले मासे
वाऱ्यानं सगळे एकाच दिशेला बघत.
दुकानातल्या काकूंनी न मागता
भाजलेली रताळी आणून ठेवली.
खा, म्हणाल्या. एवढंच.
आणि परत आपल्या मालिकेकडे.

मी दुधाच्या बाटलीवरचं चित्र दाखवलं:
आमच्यात याला केळं म्हणतात.
केलं, म्हणाली ह्येरान.
केलं नाही गं, केळं. जीभ मागं वळव.
केरं, म्हणाला दिल्शोद,
आणि रताळं घशात अडकून ठसकला.
काकूंनी टीव्हीवरची नजर न काढता
आतून म्हटलं: केळं.
अगदी पेठेतल्या बाईसारखं.

दुसरी बस आली.
ड्रायव्हर दार उघडून बघत राहिला.
आम्ही हात हलवून त्याला जाऊ दिलं.

रविवारी तर खोलीची गरम जमीनसुद्धा
सोडली नाही कुणी.
ह्येराननं संत्री सोलली, सालं नखात ठेवून झोपली.

रात्री आईचा फोन:
दोन दिवस सुट्टी होती ना, काय केलंस?
भिंतीपलीकडे दिल्शोद अजून घोकत होता,
केलं... केलं... केलं...
मी फोन भिंतीला लावला.