सुई किती उतरली

पंचवीस अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलेलं डांबर.
वर शंभर ग्रॅमची सुई, पाच सेकंद.
उतरली चौसष्ट.
वहीत लिहिलं, खाली सही: कुंदा नगराळे,
मुकुटबन रस्ता, पत्र्याची शेड.
बाहेर सेहेचाळीस.

मग पितळी कडं, कड्यात डांबर, वर पोलादी गोळी.
पाणी तापत जातं तशी गोळी डांबराची पिशवी करून
खाली येते,
झोळीत निजलेलं लेकरू जड होत जावं तशी,
अन् एकोणपन्नासला तळाला टेकते.
पास.

पण सडक बीकरमध्ये राहत नाही.
दुपारी दोनला थर्मामीटर तिच्या अंगावर निजवला:
सदुसष्ट.
त्यावरून कोळशाचे ट्रक, फाळक्याच्या वर ढीग,
चढावर पहिल्या गिअरमध्ये, बैलापेक्षा हळू.
डांबराचं असंच असतं:
धावत्याला दगड, रेंगाळत्याला चिखल.

शालिकराम रोलरवाला सुई मानत नाही.
डंपर उलटला की आधी धूर पाहतो.
"निळा निंगून राह्यला, बाई. जयलं हे.
रातभर तापवत ठेवलं असन प्लांटवाल्यानं."
मी म्हटलं, एकशे बासष्ट आहे, बरोबर आहे.
"आता आहे. रातचं कोन पाह्यलं?"

जळकं डांबर उन्हाला दबत नाही.
वर्षभर तेच देखणं दिसतं.
मग खालची काळी माती आखडायला लागते
आणि ह्याला वाकता येत नाही.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: निळा धूर.
साहेबांनी विचारलं, हे कोणत्या कोडात बसतं?

त्याच दुपारी सातव्या किलोमीटरला,
जिथं सगळं पास होतं,
शेवंता उईके तेंदूपत्त्याचं गाठोडं घेऊन आडवी आली
आणि तिची चप्पल रुतली.
एक पाय उघडा, ती उड्या मारत मुरमाच्या कडेला.
"काहून वं, तुमची सडक माहे पाय धरते?
माफी मांगते का काय?"

रॉकेल लावून, पलित्यानं चप्पल सोडवली.
टाचेचा खड्डा मोजला: चार मिलिमीटर.
वहीत त्याला रकाना नाही.
शेवंता थांबली नाही,
फडीवर पुडे मोजून घ्यायचे होते; उद्या नेतो म्हणाली.

संध्याकाळी परत गेले पाहायला.
ट्रकांनी टाच पुसली होती,
कडेला रबराच्या नक्षीची एक वाकडी रेघ तेवढी.
तिच्यावर हात ठेवला.
सूर्य बुडून तास झाला होता,
अजून सोसत नव्हतं.