उतारा

तीस गळीत हंगाम मी उसाच्या रसातली साखर मोजली.
काचेची नळी, ब्रिक्स, पोल,
आणि दुपारी फळ्यावर खडूनं: आजचा उतारा बारा पूर्णांक एक.
आकडा चढला की चेअरमन पेढे वाटायचे.

परवा मिरजेत डॉक्टर नायकवडींनी
माझा आकडा सांगितला.
पेढ्यांचा विषय निघाला नाही.
घरी बायकोनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या.
तोही उताराच.

सांगलीत, खणभागातल्या वाचनालयात
भूपाल उपाध्ये चष्म्यावरून बघतात.
मी पुटपुटलो, "ते... शुगरवरचं काही?"
त्यांनी मान हलवली नाही. टेबलाचा खण उघडला,
पुस्तक काढलं, त्यावर एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी ठेवली
आणि दोन्ही माझ्या पिशवीत सरकवली.
"सगळे असंच नेतात. कादंबरी नाही वाचली तरी चालतंय."

मुखपृष्ठ नव्हतंच. पुरात गेलं असणार.
पानं फुगलेली, कडांना कृष्णेच्या गाळाचा रंग.
मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के, एकावर एक.
म्हणजे एवढे जण.
माझ्याच गल्लीतले असतील, रोज रामराम घालणारे.

छापलेला मजकूर शहाणा होता,
शहाण्या माणसासारखा जरा लांब उभा राहून बोलणारा.
खऱ्या गप्पा समासात चालल्या होत्या.

पान सव्वीस, पेन्सिलीत: भडंग चालेल का?
खाली पसरलेल्या निळ्या शाईत: मूठभर.
त्याखाली तिरकं: कुणाची मूठ?

पान एकेचाळीस. 'गूळ चालतो हा गैरसमज आहे'
या वाक्याखाली रेघ एवढ्या जोरात ओढलीय
की कागद फाटलाय.
शेजारी: आमचं गुऱ्हाळ हाय हो.
याला कुणीच उत्तर दिलेलं नाही.

पान त्र्याहत्तर, पायांची निगा.
रोज रात्री तळवे आरशात बघावेत.
बायकी, गोल अक्षर: वाकता येत नाही, सून बघते.
पहिल्यांदा लाज वाटली.
आता तेवढ्या वेळात आम्ही दोघी बोलतो.

सुईच्या पानावर एक शाळकरी हस्ताक्षर:
मी सातवीत आहे. पोटावर टोचलं की कमी दुखतं.
आजोबा लोकांनी घाबरू नये.

मी हसलो. घरात एकटाच, मोठ्यानं.
मग पान एकशे बारा.
साखर अचानक उतरली तर: घाम, थरथर, जीभ जड.
समासात चार ओळी:
९ तारीख, रात्रपाळी. हात कापले, नळी फुटली.
सायबांना वाटलं प्यालोय.
मेमो दिला.
मी सांगितलं नाही, नोकरी गेली असती.

हा नऊ मी ओळखतो.
लॅबच्या रजिस्टरमध्ये तो कायम तीनसारखा दिसायचा,
आणि मी लाल पेनानं दुरुस्त करायचो.
बाबालाल मुल्ला. नळ्या धुवायचा, नमुने आणायचा.
उतारा चढला की पेढा घ्यायचा चेअरमनच्या हातचा,
नाही म्हणायची सोय नव्हती,
आणि आम्ही चिडवायचो, बाबालाल, खा की अजून एक.
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.

साखर मोजायचं यंत्र आमच्या दोघांच्या मधे होतं.
चोवीस तास चालू.

पुस्तक परत करायची तारीख गेली.
मी ते उशाशी ठेवायचो, उघडायचो नाही.
शाळेत असताना पेपरात यायचं:
खालील उतारा वाचा आणि उत्तर लिहा.
अकराव्या दिवशी पेन्सिलीला टोक केलं.

'ते साहेब मी.
वास घ्यायला जवळ आलो होतो, हात धरायला नाही.'

एवढंच मावलं. खाली पानाचा आकडा होता.

भूपालांनी अकरा दिवसांचे बावीस रुपये दंड घेतला,
पावती फाडली,
पुस्तक खणात टाकलं
आणि त्याच्यावर ठेवायला पुढची कादंबरी शोधू लागले.