चौदा नंबरची चटई

गुरुवारी रात्री नऊला दिवे मालवले की मैदान माझं.
तोयामात जानेवारीचा काळोख ओला असतो,
जाळ्यांवरून बर्फ भसकन सुटून पडतो,
आणि मी डोक्याला दिवा बांधून
केशरी चेंडू वेचत हिंडते.
बर्फात काही लपत नाही.
प्रत्येक चेंडूचं आपलं एक भोक,
आणि भोकं मोजली की माणूस कळतो.

कुसुनोकी-सान, चटई नंबर चौदा.
चाळीस वर्षं पियानो जुळवले, आता रिकामे.
एक टोपली, पन्नास चेंडू, सात नंबरचं आयर्न.
गुरुवारच्या त्या शेवटच्या तासाला दुसरं कुणी नसतं,
म्हणजे पडलेलं सगळं त्यांचंच.
पाच डावीकडे, खांबाच्या मुळाशी.
एक आमच्याच छपराच्या पन्हळीत, कसा गेला कोण जाणे.
दोन चटईसमोर सहा पावलांवर,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखे.
आणि मधेच एक, सरळ, दीडशेच्या पाटीला टेकलेला.
त्या एकानंच घात केला होता.
ते तोच पुन्हा मारायला बघत होते.

दर आठवड्याला नवा इलाज.
काखेत टॉवेल दाबून. पाय जुळवून.
अंगठा इकडे, हनुवटी तिकडे,
फोन उभा करून स्वतःचाच स्विंग पुन्हा पुन्हा,
एकदा तर डावा बूट काढून, त्या थंडीत.
वरच्या मजल्यावर शिकवणारा नाओया
म्हणाला, खांदा. पुढच्या खेपेला म्हणाला, कंबर.
औषधं वाढत गेली, ताप तसाच.

मी खेळत नाही. झाडते, वेचते, धुते.
पण झाडताना कान मोकळे असतात.
क्लब मागे जाण्याआधीची त्यांची शांतता
दर वेळी वेगळ्या लांबीची.
कधी एक श्वास, कधी चार,
कधी खोकला, चष्मा पुसणं, मग एकदम घाई,
जणू मागे रांग लागलीय.

पावती देताना बोलून गेले,
चेंडू नंतर चुकतो, कुसुनोकी-सान.
आधी थांबणं चुकतं.

त्यांनी नाणी मोजून ठेवली,
शंभराची खाली, दहाची वर, कडा जुळवून.
मान लववली, गेले.
मला वाटलं, एक गिऱ्हाईक तुटलं.

पुढच्या गुरुवारी टॉवेल नव्हता.
चेंडूमागे उभे. एक नजर लांब.
दोन पावलं. क्लब टेकवला.
श्वास आत, अर्धा बाहेर,
आणि मग.
वाईट गेला तरी तेच.
छान गेला तरी तेच, आणि हे जास्त अवघड;
छान गेल्यावर खांदे कसे हट्टाला पेटतात
ते मी झाडू थांबवून बघितलंय.

तार एकदा जुळवली म्हणून जुळलेली राहत नाही,
मार्चमध्ये त्यांनी सांगितलं,
मशीनमधल्या कॉफीचा डबा दोन्ही हातांत धरून.
थंडी ओढते, उन्हाळा फुगवतो.
लोक विचारायचे, कायमचं कधी होणार?
मी म्हणायचो, सहा महिन्यांनी येतो.

हात बसतो म्हणतात.
कुठला बसतो? दारात उभा असतो,
चपला न काढता.
रोज त्याला आत ये म्हणावं लागतं.

बर्फ वितळला त्या आठवड्यात वेचायला गेले.
एकतीस चेंडू,
आमच्या पार्किंगमधल्या सहा गाड्यांच्या जागेत.
बाकीचे इकडेतिकडे, माणसाचे असावेत तसे.
आणि पन्हळीत पुन्हा एक.

शिडी लावून तो काढला.
कुणी नाही बघून चौदा नंबरवर ठेवला,
झाडू उलटा धरला,
श्वास आत, अर्धा बाहेर.

तीन पावलं गेला.
उचलून आणला, आणि पुन्हा त्याच्या मागे जाऊन
उभी राहिले.