कळीचा दगड

चाळीस वर्षं मी दगड गुळगुळीत केले.
वर्क्सवर्थच्या खाणीतला चुनखडीचा दगड, करडा, हट्टी,
पोटात शिंपल्यांची जुनी वस्ती घेऊन आलेला.
छिन्नी लावण्याआधी टिचकी मारून ऐकायचं:
खणखणीत बोलला तर घ्यायचा,
बद्द बोलला की आत चीर आहे, सोडून द्यायचा.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर
निळा फोम. आठ पौंडांचा एक तक्ता.
टिचकी मारली.
काहीच बोलला नाही.

टॅम्सिननं वहीच्या पानावर आराखडा दिलाय:
तळघर, टोकदार कमानी, सहा शवपेट्या,
आणि एक जिना, जो कुठेच जात नाही.
(“तो लागतोच, आजोबा. सगळे तिकडेच पळतात.”)
पेन्सिलीनं सांधे कोरायचे,
चांदीच्या कागदाचा बोळा वरून फिरवायचा
की सपाट पाठीवर तीनशे हिवाळ्यांचे व्रण.
दहा मिनिटांत.

बायका यायच्या माझ्याकडे, शेवाळ काढून द्या म्हणत,
नवऱ्याचं नाव वाचता येत नाही म्हणून.
मी आता शेवाळ चिकटवतोय,
चहाचा चोथा वाळवून पाचोळा करतोय,
काळं पाणी खाचांत सोडतोय,
आणि नावं कोरतोय ती
वाचता येणार नाहीत इतपतच.
हात थरथरतो, तेही खपून जातं.

कमान मात्र कमानीसारखीच रचली.
नऊ पाचरी, एकेक कापून, मधोमध कळीचा दगड,
बन्टिंग मास्तरांनी शिकवली तशी. गोंद नाही.
फोमला वजन ते कुठलं,
तरी उभी राहिली.

बुधवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये
फासे, बिस्किटं, सांगाड्यांची पलटण,
दोन धर्मयोद्धे (एकाचा भाला वाकलेला)
आणि पिशाचांची राणी, पंख पसरून.
ती दारातून आत जाईना.

मापं मी खरी घेतली होती.
मढ्याचे खांदे धरले होते, खांदेकऱ्यांची कोपरं धरली होती,
पंख धरले नव्हते.

फर्गस म्हणाला, “पंख कापू का?”
टॅम्सिन माझ्याकडे बघत राहिली.

मी दोन बोटांनी कळीचा दगड उपसला.
रंग तडकल्याचा बारीक आवाज.
मान आपोआप खांद्यांत गेली,
वारून तीस वर्षं झालेल्या मास्तरांची
शिवी येईल म्हणून.

काही कोसळलं नाही.
कमानीचे दोन्ही अर्धे हवेत तसेच,
सुकलेल्या रंगानं धरलेले.

राणी आत गेली. फासा पडला, सतरा.
सहाही शवपेट्या उघडल्या आणि धर्मयोद्धे
कुठेच न जाणाऱ्या जिन्याकडे पळाले.

दगड माझ्या मुठीत, शेंगदाण्याएवढा.
खिशात टाकला.
घरी पोचेपर्यंत दोनदा चाचपला,
वजन लागत नव्हतं म्हणून.